आजी, किती बोटं?

देवगिरीचा किल्ला पाहिलाय का तुम्ही? छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर तो उभ्या कातळाचा डोंगर समोर येतो. शाळेची सहल वेरूळला निघाली की गाडी आधी इथे थांबतेच. 1327 मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. चांद मिनार, चिनी महाल आणि मेंढा तोफ बघत वर गेलं की खोल खंदक लागतो. खंदक ओलांडला की येते अंधारी.

अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटात कातळ पोखरून काढलेली वळणावळणाची वाट. आत उजेडाचा टिपूस नाही, पायऱ्या उंचसखल, वर वटवाघळं. पूर्वी वाटाडे मशाल पेटवून लोकांना आत न्यायचे. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून शत्रू आत घुसला की त्याला काही म्हणजे काही दिसायचं नाही. तो ठेचकाळायचा, वाट चुकायचा, आणि आतल्या पहारेकऱ्यांचे डोळे मात्र अंधाराला सरावलेले असायचे! मला तर वाटतं, ज्यांनी ही वाट खोदली त्यांना माणसाच्या डोळ्याचा एक फार मोठा गुण-दोष नेमका ठाऊक होता. डोळ्याला अंधारात बघायला वेळ लागतो.

किती वेळ? चांगला अर्धा तास.

उन्हातून अंधारात गेलं की डोळ्यातली बाहुली लगेच मोठी होते. पण ते काम पटकन होतं आणि त्यानं फार फरक पडत नाही. खरं काम डोळ्याच्या मागच्या पडद्यावर चालतं. तिथे प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात रंग आणि बारकावे दाखवतात. त्या प्रत्येक डोळ्यात साधारण 60 लाख. दंडाकार पेशी मिणमिणत्या उजेडात काम करतात, त्यांना रंग कळत नाहीत, आणि त्या आहेत जवळजवळ 12 कोटी! या दंडाकार पेशींमध्ये रोडॉप्सिन नावाचं जांभळट द्रव्य असतं. प्रकाशाचा कण त्यावर पडला की ते मोडतं, आणि त्या मोडण्यातूनच मेंदूकडे निरोप जातो. भर उन्हात बहुतेक सगळं रोडॉप्सिन मोडून गेलेलं असतं. अंधारात गेलं की ते पुन्हा तयार व्हायला लागतं. हळूहळू, वीस-तीस मिनिटं घेत. म्हणून अंधारीत शिरलेला शत्रू अर्धा तास जवळजवळ आंधळाच!

याचा एक प्रयोग आज रात्री गच्चीवर करून बघा. दिवे बंद करून वीस मिनिटं थांबा, मोबाइल अजिबात बघू नका. मग एखादी अगदी पुसट चांदणी शोधा. तिच्याकडे सरळ रोखून पाहिलं तर ती नाहीशी होते, आणि किंचित बाजूला नजर वळवली की पुन्हा दिसते. कारण डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी दंडाकार पेशी नसतातच, त्या सभोवती असतात. हिवाळ्यात कृत्तिकांचा पुंजका असा तिरक्या नजरेनं पाहा, जास्त चांदण्या मोजता येतील.

आता रोडॉप्सिन बनतं कशापासून ते ऐका. एक प्रथिन, आणि त्याला जोडलेलं जीवनसत्त्व अ. जॉर्ज वाल्ड नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला 1933 मध्ये डोळ्याच्या पडद्यात हे जीवनसत्त्व सापडलं. पुढे याच कामासाठी 1967 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे विचार करा, शेवग्याच्या पाल्याच्या भाजीतून जे पोटात जातं, तेच डोळ्याच्या पडद्यावर जाऊन अंधार बघायला मदत करतं!

आणि ते पोटात गेलंच नाही तर? दिवसभर अंगणात धावणारं पोर दिवेलागणीला भिंत धरून बसतं. वाढलेलं ताट चाचपडतं, उंबऱ्याला अडखळतं. आईला वाटतं, पोर घाबरट आहे. ते घाबरट नसतं, त्याला रातांधळं झालेलं असतं. वेळेवर ओळखलं तर अ जीवनसत्त्वाच्या डोसानं ते लवकर बरं होतं. दुर्लक्ष झालं तर डोळा कोरडा पडतो, समोरचा पारदर्शक पडदा मऊ पडून फाटतो, आणि मग गेलेली दृष्टी परत येत नाही. गोवर झालेल्या आणि अंगानं खंगलेल्या बाळांना याचा सगळ्यात मोठा धोका. आफ्रिकेतल्या कितीतरी गावांमध्ये मुलांच्या आंधळेपणाचं हे मोठं कारण होतं. आपल्याकडेही होतं. म्हणून 1970 पासून आपल्या देशात लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस द्यायला सुरुवात झाली. आज नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर पहिला डोस मिळतो, आणि पाच वर्षांचे होईपर्यंत एकूण नऊ. तुम्हीही ते पिवळं, तेलकट औषध अंगणवाडीत चमच्यानं प्यायला आहात, फक्त आठवत नसेल!

एक गोष्ट घरी सांगा. हे जीवनसत्त्व तेलात-तुपात विरघळतं. म्हणून पालक, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा यांची भाजी थोड्या तेलात परतलेली असली की ते अंगी लागतं. पपई आणि पिकलेला आंबाही चालतो. आपला मराठवाड्याचा केसर असेल तर उत्तमच.

लहानांचं असं. आता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडे वळू या, कारण मला खरं बोलायचंय ते आजीबद्दल.

आपल्या बाहुलीच्या मागे एक भिंग असतं. ते बनतं स्फटिकासारख्या पारदर्शक प्रथिनांचं. भिंगाला रक्तवाहिनी नाही, आणि आतल्या पेशींनी आपलं केंद्रकसुद्धा काढून टाकलेलं असतं. कशासाठी? प्रकाशाच्या वाटेत काही आडवं येऊ नये म्हणून! पण याची किंमत मोजावी लागते. शरीरात बहुतेक ठिकाणी जुनं जातं आणि नवं येतं, भिंगाच्या गाभ्यात तसं होत नाही. तुमच्या आजीच्या भिंगाच्या गाभ्यात जी प्रथिनं आहेत, आजी जन्मायच्या आधी तयार झालेली आहेत. सत्तर वर्षं ऊन झेलत तीच काम करतायत. शेवटी ती एकमेकांना चिकटायला लागतात. अंडं उकळायला ठेवलं की आतलं पाण्यासारखं पारदर्शक द्रव्य पांढरंफटक होतं ना? तिथेही प्रथिनांचे गोळे होतात म्हणूनच पांढरेपणा येतो. भिंगात हेच होतं, फक्त वर्षानुवर्षं, सावकाश. हाच मोतीबिंदू.

म्हातारपणी हा थोडाफार सगळ्यांनाच होतो. शेतात जन्मभर उघड्या उन्हात राबलेल्यांना, मधुमेह असलेल्यांना, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना लवकर होतो.

मोतीबिंदूच्या काही खोड्या मोठ्या विलक्षण आहेत. पिकत चाललेलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. त्यामुळे आजीला निळी आणि काळी चिंधी सारखीच वाटायला लागते. पैठणला एखादा म्हातारा विणकर पैठणीच्या पदरावरच्या मोराची निळाई आणि हिरवाई ओळखताना घोटाळू लागला, तर दोष त्याच्या कसबाचा नसतो, भिंगाचा असतो. मोने नावाचा जगप्रसिद्ध फ्रेंच चित्रकार होता. मोतीबिंदू वाढत गेला तशी त्याची चित्रं तांबूस-तपकिरी होत गेली. 1923 मध्ये त्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली.

दुसरी खोडी याहून फसवी. वीस वर्षं वाचायला चष्मा लागणारी आजी एक दिवस चष्म्याशिवाय पोथी वाचायला लागते! घरात सगळे खूश, "आजीचा चष्मा सुटला!" प्रत्यक्षात मोतीबिंदूमुळे भिंग घट्ट झालेलं असतं, ते प्रकाश जास्त वाकवतं, म्हणून जवळचं काही दिवस स्पष्ट दिसतं. त्याच वेळी दूरचं धूसर होत चाललेलं असतं. थोड्या महिन्यांत जवळचंही जातं.

मग काय होतं? सिल्लोड, कन्नड किंवा वैजापूरकडच्या एखाद्या वस्तीवरची आजी डोळ्यांसमोर आणा. तांदूळ निवडताना तिला खडे दिसत नाहीत. समोरून येणाऱ्या मोटारसायकलचा दिवा डोळ्यांत घुसतो. ओळखीचं माणूस जवळ येऊन बोलल्याशिवाय तिला कळत नाही. ती शेतात जायचं थांबवते, मग बाजाराला जायचं, मग देवळात. आणि घरचे म्हणतात, "आता वयच झालंय तिचं."

दोस्तांनो, या वाक्याचा मला मनापासून राग येतो. वय झालं म्हणून गुडघे दुखतील, केस पांढरे होतील. पण मोतीबिंदूचा आंधळेपणा पंधरा-वीस मिनिटांच्या शस्त्रक्रियेनं जातो! आपल्या देशात 2015 ते 2019 या काळात मोठी पाहणी झाली. पन्नाशीच्या पुढच्या अंध माणसांमध्ये दर तिघांपैकी साधारण दोघं मोतीबिंदूमुळे अंध होती. ज्यांना उद्या दिसू शकतं अशी माणसं आज भिंत धरून चालतायत.

ही शस्त्रक्रिया जमायला माणसाला हजारो वर्षं लागली. आपल्या सुश्रुतसंहितेत सुईसारख्या हत्यारानं गढूळ भिंग बाजूला ढकलायची पद्धत दिली आहे. भिंग वाटेतून हटलं की उजेड आत जायचा आणि थोडंफार दिसायचं, पण पू होऊन डोळा कायमचा जायची भीती मोठी. गावोगाव फिरणारे वैदू कितीतरी पिढ्या हेच करत. आफ्रिकेत नायजेरिया, माली अशा देशांच्या खेड्यांत अलीकडेपर्यंत हे चालत आलंय, कारण दवाखाना लांब आणि वैदू दारात. पुढे डॉक्टर भिंग पूर्ण काढून टाकायला शिकले. पण भिंगच काढलं तर नजर एकाग्र कशी होणार? म्हणून जाडजूड भिंगाचा चष्मा द्यायचे. तुमच्या आजोबांना विचारा, असा चष्मा घातलेली माणसं त्यांनी नक्की पाहिली असतील.

मग आली लढाऊ विमानांची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या विमानावर गोळ्या लागल्या की पुढची प्लास्टिकची काच फुटून तिचे बारीक तुकडे त्यांच्या डोळ्यांत शिरत. डोळ्यात कचरा गेला की डोळा लाल होतो, सुजतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण हॅरॉल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे तुकडे आत वर्षानुवर्षं शांत पडून राहतात, डोळा त्यांच्यावर रागवत नाही! मग याच प्लास्टिकचं भिंग करून डोळ्यात बसवलं तर? 1949 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी ते करून दाखवलं. तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं. आज जगभर मोतीबिंदूनंतर हेच केलं जातं. डोळ्यापुरती भूल देतात, जुनं भिंग फोडून बाहेर काढतात, नवं आत बसवतात, आणि माणूस बहुतेक त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो.

अडचण एकच उरली होती. परदेशातून येणारं हे भिंग फार महाग होतं. मग 1992 मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या लोकांनी ऑरोलॅब सुरू केली आणि भारतातच स्वस्त भिंगं बनवायला लागले. आज भारतात बनलेली ही भिंगं आफ्रिकेतल्या देशांमध्येही जातात. मला हे फार आवडतं. केनियाच्या एखाद्या खेड्यातली आजी मदुराईच्या भिंगातून आपल्या नातवाचं तोंड बघते!

आणि आपल्या मराठवाड्याचं काय? लातूर जिल्ह्यात माकेगाव नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या गरीब शेतकऱ्याच्या घरातला एक मुलगा तेव्हाच्या औरंगाबादेत डॉक्टरकी शिकला आणि डोळ्यांचा डॉक्टर झाला. डॉ. तात्याराव लहाने. पुढे त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांची आई अंजनाबाई यांनी 1995 मध्ये आपलं एक मूत्रपिंड त्यांना दिलं. मिळालेलं आयुष्य दुसऱ्यांसाठी खर्च करायचं त्यांनी ठरवलं. अंबाजोगाईला, नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि गावोगावच्या शिबिरांत त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. बाबा आमट्यांच्या आनंदवनात जाऊन कुष्ठरोग्यांच्या डोळ्यांवरही केल्या. एकूण एक लाखाहून जास्त! 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एक लाख शस्त्रक्रिया म्हणजे किती, हे कागद घेऊन मोजून बघा. रोज दहा धरल्या, एकही सुट्टी घेतली नाही, तरी सत्तावीस वर्षं लागतात.

आता थोडं लांब जाऊ. पश्चिम आफ्रिकेत व्होल्टा नावाची नदी आहे. तिच्या काठची जमीन सुपीक, पाणी मुबलक. आपल्या टँकरची वाट बघणाऱ्या गावांना हेवा वाटावा इतकं! तरीही माणसं ती जमीन सोडून कोरड्या माळावर राहायला गेली. कशाला घाबरून? एका काळ्या चिमुकल्या माशीला. ही माशी खळाळत्या पाण्यात वाढते. चावताना ती एका जंताची पिल्लं अंगात सोडते. मोठे जंत कातडीखाली दहा-पंधरा वर्षं जगतात आणि लाखो सूक्ष्म पिल्लं घालतात. ती पिल्लं कातडीतून फिरत डोळ्यांपर्यंत पोचतात. आधी भयंकर खाज, मग हळूहळू अंधार. या आजाराचं नावच रिव्हर ब्लाइंडनेस. काही गावांत पन्नाशीच्या आतली धडधाकट माणसं मोठ्या संख्येनं अंध झाली होती.

जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यालयापाशी एक पुतळा आहे. पुढे एक लहान मुलगा, हातात काठीचं एक टोक. दुसरं टोक मागच्या अंध माणसाच्या हातात. पुतळा कल्पनेतला नाही, त्या गावांत हे दृश्य रोजचं होतं. काठी धरणारं पोर दिवसभर काठीच धरायचं. त्याला शाळा कुठली?

औषध सापडलं ते जपानच्या मातीत. सातोशी ओमुरा नावाचे शास्त्रज्ञ कुठेही जाताना खिशात प्लास्टिकची पिशवी ठेवायचे आणि चिमूटभर माती उचलायचे. कावाना इथल्या गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीत त्यांना एक जिवाणू मिळाला. त्याच्यापासून अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिन हे औषध तयार केलं. ते आधी जनावरांसाठी आलं. तुमच्याकडे गोठा असेल तर विचारा, बैलाच्या गोचिडांसाठी देतात त्या इंजेक्शनात पुष्कळदा हेच औषध असतं. 1987 मध्ये मर्क कंपनीनं जाहीर केलं की रिव्हर ब्लाइंडनेससाठी हे औषध लागेल तितकं, लागेल तितकी वर्षं फुकट देऊ. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं.

पण मला यातलं सगळ्यात सुंदर काय वाटतं सांगू? गोळ्या वाटायची रीत. कुणाला किती गोळ्या द्यायच्या हे वजनावर ठरतं. जंगलातल्या गावात वजनकाटा आणायचा कुठून? म्हणून एक रंगीत पट्ट्यांची काठी केली. माणसाला तिच्याशेजारी उभं करायचं, उंची ज्या पट्ट्यापर्यंत पोचेल तितक्या गोळ्या. ते वाटणारी माणसंही गावातलीच, गावानंच निवडलेली. आपल्याकडच्या आशाताई करतात तसंच काम. ज्या गावांत काठी म्हणजे आंधळ्याची काठी होती, तिथे आता काठी औषध मोजायला आली. मोठा जंत या औषधानं मरत नाही, पिल्लं मरतात, म्हणून गोळ्या दरवर्षी घ्याव्या लागतात, दहा-पंधरा वर्षं. लोकांनी त्या घेतल्या. जानेवारी 2025 मध्ये नायजर हा या आजारातून मुक्त झालेला आफ्रिकेतला पहिला देश ठरला.

हा आजार भारतात नाही. पण खुपऱ्या होत्या. पापणीच्या आतल्या बाजूला बारीक फोड येतात, पुन्हापुन्हा येऊन तिथे वण पडतो, पापणी आत वळते आणि पापणीचे केस प्रत्येक उघडझापेला बुबुळ खरवडतात. घाणेरड्या हातांवरून, एकाच टॉवेलवरून, डोळ्यांवर बसणाऱ्या माशांवरून हा रोग पसरतो. जिथे पाण्याचा दुष्काळ तिथे तोंड धुणं मागे पडतं, आणि खुपऱ्या वाढतात. औषधं आली, नळ आले, तोंडं धुतली जाऊ लागली. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं की खुपऱ्या हा आता भारतातला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिलेला नाही. केवढी मोठी बातमी, आणि किती थोड्या लोकांनी वाचली!

आपल्याकडच्या शेतांमध्ये डोळ्यांना आणखी एक धोका आहे, तो आत्ताच सांगून टाकतो. ऊस तोडताना पानाची कड, पऱ्हाटी उपटताना तिचं टोक, मळणीत उडालेलं कूस डोळ्याला लागतं. वनस्पतीच्या अशा जखमेतून बुरशी आत जाते आणि बुबुळावर पांढरा डाग राहतो. गावात म्हणतात, डोळ्यात फूल पडलं. अशा वेळी कुणी झाडपाल्याचा रस घालतं, कुणी दूध, कुणी मध. यातलं काहीही डोळ्यात घालायचं नाही. स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अशी जखम किती महागात पडते बघा. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामड्याच्या कामाच्या खोलीत खेळत होता, आरी निसटून एका डोळ्याला लागली. जखम चिघळली आणि दुसराही डोळा गेला. पुढे याच मुलानं सहा टिंबांची लिपी शोधली. त्या सहा टिंबांतून 63 खुणा तयार होतात. आज मराठीही याच टिंबांत वाचली जाते.

आता तुम्ही करायचं काम. आंधळेपण डॉक्टर मोजतात कसं? ज्याला नीट दिसतं तो जे 60 मीटरवरून ओळखतो, ते एखाद्याला 3 मीटरवर यावं तेव्हाच ओळखू येत असेल, तर त्याची नजर 3/60. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर याहून कमी असेल तर त्या माणसाला अंध धरतात. घरी याचा अंदाज घेता येतो. अंगणात चांगल्या उजेडात आजीला बसवा. टेपनं 3 मीटर मोजून समोर उभे राहा. तिनं एक डोळा तळहातानं झाकायचा, दाबायचा नाही. चष्मा असेल तर तो घालू द्या. मग बोटं दाखवा आणि विचारा, "आजी, किती बोटं?" कधी दोन, कधी चार, कधी एक. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासायचेच, कारण एक डोळा चांगला असला की दुसरा गेलेला माणसाला स्वतःलाही कळत नाही. सहा मीटरवरूनही करून बघा. एखाद्या डोळ्याला बोटं मोजता आली नाहीत तर ती डॉक्टरांना दाखवायची खूण. आणि मोजता आली तरी धूसर, धुक्यातून दिसल्यासारखं वाटत असेल, तरीही दाखवायचं.

कुठे? गावातल्या आशाताईंना सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा. संभाजीनगरात 1956 पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, त्याला सगळे घाटी म्हणतात. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते.

घरचे काय म्हणतील तेही सांगून ठेवतो. "मोती अजून पिकला नाही." पूर्वीच्या पद्धतीत थांबावं लागायचं, आता लागत नाही. उलट फार पिकलेलं भिंग फुगतं किंवा गळतं, डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. काचबिंदूनं गेलेली दृष्टी कुठलाही डॉक्टर परत आणू शकत नाही. "उन्हाळ्यात ऑपरेशन नको, हिवाळ्यात करू." आताच्या शस्त्रक्रियेला ऋतू नाही. "हंगाम चालू आहे, तिला घेऊन कोण जाणार?" हे कारण मात्र खरं असतं. एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणूनच आजोबांचं ऑपरेशन होतं आणि आजी राहून जाते. भारतात आणि आफ्रिकेतही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बायका पुरुषांच्या मागे राहतात. तेव्हा जरा हट्ट करा. शाळेला सुट्टी असेल तर तुम्ही आजीसोबत जा.

आणि स्वतःच्या डोळ्यांचंही बघा. फळ्यावरचं दिसत नसेल तर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेऊ नका, बाईंना सांगा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांना सांगा. लहानपणी एक डोळा अधू राहिला आणि वेळेत चष्मा मिळाला नाही तर मेंदू त्या डोळ्याकडून आलेलं चित्र मनावर घेणंच सोडून देतो, आणि मोठेपणी चष्मा लावूनही तो डोळा नीट शिकत नाही. म्हणून सात-आठ वर्षांच्या आत तपासणी झालेली बरी.

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना दप्तरात एक मोजपट्टी टाका. आजी-आजोबांचे चारही डोळे तपासा, शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचेही. ज्यांना बोटं मोजता आली नाहीत त्यांची नावं कागदावर लिहा आणि तो कागद आशाताईंच्या हातात द्या.